काठ पाहिला का, बाई?

धकाते मास्तर गेले त्या दिवशी त्यांच्या घरी हार आला होता. झेंडूचा, चांगला जाडजूड. पण तो घालायला फोटो नव्हता. ज्या माणसानं चाळीस वर्षं अर्ध्या नागपूरचे फोटो काढले, लग्नाचे, बारशाचे, पासपोर्टचे, शिवाय गेलेल्या माणसांचे मोठे करून भिंतीवर टांगण्याजोगे करून दिले, त्याचा स्वतःचा एक फोटो त्याच्या घरात सापडेना. शेवटी मुलानं तो हार त्यांच्या खुर्चीच्या पाठीला अडकवला.

तिसऱ्या दिवशी त्याचा मला फोन आला. "बाई, बाबाचा एखादा फोटो आहे का तुमच्याजवळ? कसाही असला तरी चालते."

"आहे," मी म्हटलं. "पण खरंच कसाही आहे."

तो कसा आहे ते सांगायचं तर आधी मास्तर सांगावे लागतील. आणि मास्तर सांगायचे तर नाइलाजानं त्या काळातली मीही थोडी सांगावी लागेल. ती बाई आज समोरून आली तर मी रस्ता बदलीन.

सतरा-अठरा वर्षं झाली. प्रताप नगरातल्या एका मुलींच्या वसतिगृहाची मी अधीक्षिका होते. वय चोपन्न. खळ घातलेली सुती साडी, गळ्यात शिट्टी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मी चालायला लागले की किल्ल्या वाजायच्या आणि मुली सावध व्हायच्या. मला वाटायचं, ही शिस्त. मुली मला 'घंटागाडी' म्हणायच्या, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

मुली गडचिरोलीच्या दक्षिणेकडच्या जंगलातल्या. तिथं एका बाजूला जंगलातले बंदूकवाले आणि दुसऱ्या बाजूला वर्दीतले बंदूकवाले, आणि मध्ये गाव. कुणाचा बाप गेलेला, कुणाची शाळा जळलेली. त्या फार बोलत नसत. एका संस्थेनं आमच्याकडे आठ छोटे डिजिटल कॅमेरे पाठवले. पोरींना फोटो काढायला शिकवा, जे तोंडानं सांगता येत नाही ते त्या फोटोतून सांगतील, असं त्यांचं म्हणणं. मी काय केलं? आठही कॅमेरे कपाटात ठेवून कुलूप लावलं. खराब झाले असते ना!

शिकवायला धकाते मास्तर आले. ठेंगणे, काळेसावळे, चष्मा कायम कपाळावर. गोळीबार चौकाजवळ त्यांचा स्टुडिओ होता. घरोघरी कॅमेरे आल्यावर तो बसत चालला होता. घराणं विणकरांचं. वडिलांचे हातमाग होते, आणि मास्तर दहा-बारा वर्षांचे असल्यापासून मागावर बसलेले. मागानं पोट भरेना म्हणून कॅमेऱ्याकडे आले, पण बोलणं मागावरचंच राहिलं.

पहिल्या दिवशी फाटकातच मी त्यांना अडवलं. "तोंडात काय आहे?"

"खर्रा आहे जी."

"इथं तंबाखू चालणार नाही. मुलींची जागा आहे."

ते मागे फिरले, तोंड धुऊन आले आणि खर्ऱ्याची पुडी फाटकाजवळच्या एका सुट्या विटेखाली ठेवली. तास संपल्यावर जाताना काढून घेतली. पुढे दीड वर्षं हाच नेम. एकदा मला हुक्की आली. शिट्टीवाल्या बाईलाही कधी कधी हुक्की यायची. मी पुडी काढून त्याच कागदात बडीशेप बांधून ठेवली. मास्तरांनी जाताना पुडी उघडली, वास घेतला, बडीशेप तोंडात टाकली आणि लुना सुरू करून गेले. दुसऱ्या दिवशी आत येताना गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "बाई, तुमच्या इथले उंदीर शिकलेले दिसतेत."

पहिले पंधरा दिवस त्यांनी कॅमेरे मागितलेच नाहीत. जुन्या लग्नपत्रिका आणल्या, प्रत्येकीच्या मधोमध ब्लेडनं चौकोनी खिडकी कापली आणि मुलींच्या हाती दिल्या. "यातून पाहा. दिवसभर पाहा. भात पाहा, चपला पाहा, बाईची शिट्टी पाहा." चौदा मुली डोळ्यांपुढे लग्नपत्रिका धरून वसतिगृहभर फिरायला लागल्या. जिन्यात एकमेकींवर आदळायच्या. मी ऑफिसातून पाहत होते आणि संस्थेला पाठवायच्या अहवालात काय लिहू, या चिंतेनं माझं डोकं दुखत होतं. 'लग्नपत्रिकेतून पाहणे' हे मी प्रगतीच्या रकान्यात कसं लिहिणार?

"मास्तर, कॅमेरा कधी?"

"लुगडं विनाले बसलं का पयले काठ ठरवा लागते, बाई. मंधातलं तर कोनीही पाहते. काठ पाहाले शिकावं लागते."

हा त्यांचा धोशाच. फोटोत मधली वस्तू सगळ्यांनाच दिसते; कडेला काय आलं, काय अर्धं राहिलं, कोण नकळत शिरलं, हे बटण दाबायच्या आधी पाहायचं. कुणी खिडकी डोळ्याला लावली की मागून आवाज यायचा, "काठ पाहिला का वं?" पुढे पुढे तर मी साधं पत्र टाइप करून सहीला पाठवायला निघाले तरी ते म्हणायचे, "काठ पाहिला का, बाई?" मला राग यायचा. आणि पत्रात कडेला कुठं तरी चूक सापडायचीच.

त्यांचा दुसरा नियम चेहऱ्याचा. महिनाभर चेहरे काढायचे नाहीत. हात काढा, पाठ काढा, वाळत घातलेले कपडे काढा. "चेहरा घ्याचा नसते, मागाचा असते. नाही म्हटलं तर पाय पडून वापस याचं." हा नियम त्यांनी का केला, ते मला जुरीमुळे कळलं.

जुरी नववीत होती. बारीक, लांब मानेची. कॅमेरा दिसला की ओढणी तोंडावर घ्यायची. मला वाटायचं, नखरे. मास्तरांनी तिला कधी विचारलं नाही. ते नुसते तिच्या शेजारी बसून लग्नपत्रिकेतून भिंत पाहत राहायचे. एक दिवस तिनंच सांगितलं. तिच्या गावात कॅमेरा पहिल्यांदा आला तो वर्दीबरोबर. सगळ्या गावाला शाळेच्या भिंतीला लावून उभं केलं. समोरून एक, बाजूनं एक. आठ दिवसांनी जंगलातले आले आणि विचारायला लागले, फोटो कुणी कुणी दिले.

मास्तरांनी हातातली लग्नपत्रिका खाली ठेवली. मग म्हणाले, "मंग तू आता भिंतीच्या समोर, कॅमेऱ्यामांगं उभी राहा." आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे मागितली. त्या दिवशी कुलूप निघालं.

मुली धाडसानं, वेगानं शिकल्या. स्वयंपाकीणबाईंचे हात, नळाखालची बादली, माझ्या किल्ल्यांचा जुडगा. तो फोटो इतका सुंदर होता की मी तो ऑफिसात लावला. त्यामागचा अर्थ मला कळला नाही, एवढंच. मास्तरांचा फोटो मात्र कुणाला काढता यायचा नाही. कॅमेरा त्यांच्याकडे वळला की ते दाराआड. "माहा फोटो काढून ठेवला का हार आननाऱ्याची सोय होते," म्हणायचे. "चाळीस वर्षं लोकाइले भिंतीवर टांगलं. मले नका टांगू."

दिवाळीच्या सुटीआधी मी एक थोर काम केलं. संस्थेला गावाकडचं जीवन हवं होतं, म्हणून मी ठरवलं की मुलींनी कॅमेरे घरी न्यावेत. मास्तर नको म्हणाले. पिशवीत कॅमेरा सापडला तर पोरीला कोण काय विचारील याचा नेम नाही. मी म्हटलं, मास्तर, तुम्ही उगाच घाबरवता. ते म्हणाले, "मंग पोरीइलेच विचारा."

आम्ही विचारलं. तेरा जणींनी मान हलवून नकार दिला. आणि जुरी, ओढणी तोंडावर घेणारी जुरी, म्हणाली, "मी नेते."

तांदळाच्या पिशवीत खाली घालून तिनं तो नेला आणि तसाच परत आणला. तिच्या फोटोंमधला एक मी लगेच बाजूला काढला. अंगणात बसलेली तिची आई सुपानं नवा तांदूळ पाखडते आहे. तूस हवेत, आणि त्यावर तिरपं ऊन. कुठल्याही मोठ्या प्रदर्शनात शोभेल असा. त्याच वेळी आमचं प्रदर्शन ठरलं होतं, धरमपेठेतल्या एका सभागृहात. मास्तर नात्यातल्या लग्नाला उमरेडला गेले होते, चार दिवस. मी थांबते कशाला! तोच फोटो निमंत्रणपत्रिकेवर घेतला, खाली जुरीचं नाव, गावाचं नाव, आणि दोनशे पत्रिका छापून आणल्या. अकरा तर स्वतः धरमपेठेत जाऊन मान्यवरांच्या हातात दिल्या. घरी येऊन आरशात पाहून स्वतःलाच शाबासकी दिली.

मास्तर आले. मी पत्रिका पुढे केली. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. तो त्यांनी डोळ्यांवर घेतलेला मी पहिल्यांदा पाहिला. पत्रिका खिडकीच्या उजेडात धरली. मग म्हणाले, "जुरीले बोलवा. एकटीले."

ती आली. मास्तरांनी फोटोच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं. झोपडीच्या दारात, अर्धी उन्हात अर्धी सावलीत, एक बाई उभी होती. एक खांदा, एक वेणी, कान, गालाचा उतार आणि हातात वाडगा. मी दोनशे पत्रिका हाताळल्या होत्या आणि मला ती दिसली नव्हती.

"हे कोन वं?"

जुरी खाली पाहत म्हणाली, "बुधरी. मोठी बहीण."

"तुझ्या मोठ्या बहिणीचं लग्न झालंय ना?" मी म्हटलं. "रजिस्टरला तसं आहे."

"लग्न नाही झालं. जंगलवाल्यांनी घरटी एक माणूस मागितला होता. ती गेली. तीन वर्षं झाली." तिनं मास्तरांकडे पाहिलं. "दिवाळीत चोरून आली होती. नवा भात खायला. एक दुपार थांबली."

आता मला कळलं मी काय छापलं होतं. ही पत्रिका वर्दीतल्या कुणी पाहिली तर ते त्या आईच्या दारात जाऊन उभे राहणार. जंगलातल्या कुणाकडे पोचली तर बुधरी न सांगता घरी गेली होती हे त्यांना कळणार, आणि तिकडे त्याची शिक्षा एकच होती. आणि पत्ता मी खाली ठळक अक्षरांत दिला होता.

मास्तर हळू म्हणाले, "काठ पाहाले सांगतलं होतं, बेटा. राहून गेलं?"

"नाही, मास्तर," जुरी म्हणाली. "काठच पाहिला. फोटो काठाचाच आहे. आई तर मध्ये अशीच बसवली."

मास्तर पुन्हा फोटोच्या कडेवर वाकले.

"तिला विचारलं होतं. चेहरा नको म्हणाली. मी म्हटलं, अर्धा? ती हसली. मग काढला."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. पुसलेलाच परत पुसला. मी त्या दिवशी त्यांच्या प्रश्नाची वाट पाहत होते. काठ पाहिला का, बाई? साध्या पत्रालासुद्धा विचारणाऱ्या माणसानं त्या दिवशी तो मला विचारला नाही. आजपर्यंत मला कुणी इतकं रागावलेलं नाही.

"किती वाटल्या?"

"अकरा."

"चला."

आणि मग धरमपेठेनं एक दृश्य पाहिलं. चोपन्न वर्षांची, खळीच्या साडीतली अधीक्षिका लुनावर मागे बसून, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातानं मास्तरांचा सदरा धरून, घरोघरी पत्रिका परत मागते आहे. चढावर लुना दम सोडायची, मग मी उतरून मागून चालायची. दहा मिळाल्या. अकरावी प्रमुख पाहुण्यांकडे होती, आणि ते पोलीस खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांच्या दिवाणखान्यात ती टीपॉयवर उभी करून ठेवली होती. साहेब ती उचलून कौतुकानं पाहायला लागले. "छान फोटो आहे हं. कुठलं गाव म्हणता?"

मी उगाच पिशवी उघडून आत पाहू लागले. मास्तर हात जोडून पुढे झाले. "साहेब, घोटाळा झाला. तुमचं नाव लहान छापलं राजेहो. आमच्या बाई दोन दिवसांपासून जेवल्या नाहीत. मोठं करून आनतो."

साहेबांनी पत्रिकेवर आपलं नाव शोधलं, त्यांना ते खरंच लहान वाटलं, आणि त्यांनी ती परत दिली.

दुपारी जेवणाच्या टेबलावर मास्तर पोलादी पट्टी आणि ब्लेड घेऊन बसले. फोटो कापायचा नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा हट्ट. स्टुडिओत लोक म्हणायचे, या फोटोतला हा माणूस काढून टाका, आता भांडण झालंय. मास्तर गिऱ्हाईक परत पाठवायचे. "काठ कापलेलं लुगडं माह्या बापानं पाहिलं असतं तर त्या दिवशी जेवला नसता," असं सांगायचे. तेच मास्तर एकेक पत्रिका पट्टीखाली धरून डावी कड कापत होते आणि खालची नाव-गावाची ओळही. मी पत्रिका पुढे सरकवत होते. दोनशे वेळा तो खांदा, ती वेणी, तो वाडगा पत्रिकेपासून सुटा होऊन टेबलावर पडला. जुरी समोर बसून एकेक कपटा गोळा करत होती.

मग तिनंच ते चुलीत घातले. कॅमेऱ्याच्या कार्डावरचा आणि छापखान्यातला मूळ फोटोही पुसून टाकला. आई तांदूळ पाखडते आहे एवढाच, कड कापून ठेवलेला फोटो प्रदर्शनात लागला, नाव-गाव नसलेला. लोक त्याच्यासमोर थांबायचे. एक बाई म्हणाल्या, चांगला आहे, पण डावीकडे काहीतरी कमी वाटतं. मास्तर शेजारीच उभे होते. म्हणाले, "हो जी."

कार्ड पुसण्याआधी मास्तरांनी एक काम केलं होतं, ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. स्टुडिओत जाऊन त्यांनी फक्त त्या कडेचा फोटो छापून घेतला. पासपोर्ट साइज, एकच प्रत. जुरीच्या दप्तराच्या अस्तरात तो स्वतःच्या हातानं शिवून दिला. विणकराचा टाका, शोधून सापडला नसता.

बुधरी त्यानंतर घरी आली नाही. कुठल्या यादीत तिचं नाव आलं नाही. शरण आलेल्यांच्या नाही, मेलेल्यांच्याही नाही. जुरीची आई अजून नव्या तांदळाचा पहिला वाडगा दारात ठेवते, असं जुरी सांगते. जुरी आता नर्स आहे. कॅमेरा तिनं सोडला नाही. अजूनही विचारून काढते, आणि कुणी नाही म्हटलं तर पाया पडून परत येते.

मागच्या उन्हाळ्यात ती नागपूरला आली आणि मास्तरांना रिक्षात घालून माझ्या घरी घेऊन आली. मास्तरांचे डोळे काचबिंदूनं गेले होते. उजेड-अंधार तेवढा कळायचा. मी गच्चीवर मुगवड्या घालत होते, माझ्या जुन्या साडीवर. वारा सुटला होता, साडी सारखी उडायची. मास्तर खाली बसले, चाचपडत साडीची कड हातात घेतली आणि धरून राहिले. बोटांनी काठ चाचपून म्हणाले, "हे आमच्या हातची नाही, बाई. पॉवरलूमची."

"चाळीस वर्षं नेसले मी ती!"

"चाळीस वर्षं नेसली, अन् काठ नाही पाहिला?"

जुरी म्हणाली, "मॅडम, तुमचा एक फोटो काढू?"

विचारलं म्हणजे काय! मी केस सारखे केले, पदर खांद्यावर नीट घेतला, वडीचं पीठ हातात धरून अशी काही बसले की जणू पुरस्कार मिळणार आहे. सत्तरी ओलांडली तरी माझी हौस त्या खळीच्या साडीतल्या बाईइतकीच. जुरीनं बराच वेळ लावला. एकदा डावीकडे सरकली, एकदा मागे गेली. मास्तर मान वळवून आवाजाच्या दिशेनं म्हणाले, "काठ पाहिला का वं?"

"पाहिला, मास्तर," ती म्हणाली. "विचारलं, तर नाही म्हणाल ना तुम्ही?"

मास्तर हसले. तिनं बटण दाबलं.

खाली उतरल्यावर फाटकाशी ते थांबले. तुळशीच्या कुंडीमागे हात घालून त्यांनी येताना ठेवलेली स्वतःची पुडी काढली, उघडून वास घेतला आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "आज उंदीर आला नाही का, बाई?"

"म्हातारा झाला तो," मी म्हटलं.

"असं नका म्हनू," ते म्हणाले, आणि जुरीचा हात धरून रिक्षात बसले. वळणापर्यंत त्यांचा तो लहानसा पांढरा सदरा दिसत होता.

मुलगा फोटो न्यायला आला, तेव्हा त्यानं तो उलटसुलट करून पाहिला. "बाई, ह्या तर तुम्ही. याच्यात बाबा कुठं आहे?"

मी सांगितलं नाही. त्याचं बोट माझ्या चेहऱ्यावरून, पिठाच्या हातावरून, वड्यांच्या रांगांवरून फिरत फिरत कडेला गेलं आणि थांबलं. अर्धा सदरा, कपाळावरच्या चष्म्याची एक काडी, हसण्यात वर चढलेला एक गाल, आणि साडीचा काठ धरलेला हात. तो खूप वेळ त्या हाताकडे पाहत राहिला. मग नाक ओढून म्हणाला, "दुकानवाला म्हनते, एवढंच कापून मोठं करून देतो."

"कापायचं नाही," मी म्हटलं. चोपन्नाव्या वर्षीचा शिट्टीवाला आवाज बऱ्याच दिवसांनी निघाला.

त्यानं ऐकलं. आता गोळीबार चौकाजवळच्या त्या घरात, समोरच्या भिंतीवर, मी धडधाकट जिवंत असताना झेंडूचा हार घालून टांगलेली आहे. येणारे-जाणारे मला हात जोडतात, उदबत्ती ओवाळतात. आणि मास्तर हारातून सुटून काठाशी बसले आहेत, वाऱ्यानं कापड उडू नये म्हणून धरून.